खुडूक खुराडं

अंडी द्यायची थांबवून एका जागी बसून राहिलेल्या कोंबडीला आमच्याकडे खुडूक म्हणतात. ती जवळजवळ काही खात नाही. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, घोटभर पाणी पिते आणि परत जाऊन बसते. तुरा फिका पडतो, डोळे अर्धे मिटलेले असतात. हात लावला तर अंगभर फुगते आणि आतून कसलासा खरखरीत आवाज काढते. लहानपणी मला खुडूक कोंबडीची फार भीती वाटायची. ती आजारी नसते, मेलेली तर नसतेच, पण आपल्यातही नसते. घरातले सगळे मला हसायचे. मीही हट्टी, दाणे टाकायला सांगितलं तर लांबूनच फेकायची आणि पळायची.

आमचं गाव चिकलठाण्यापासून सायकलीच्या अंतरावर. आम्ही मेंढरं राखणारे, म्हणजे एके काळी होतो. चिकलठाण्याला कारखाने आले, आबा एका कंपनीत लागले आणि मेंढरं विकून टाकली. आबांचं सगळ्यांनी कौतुक केलं. मायला कुणी विचारलं नाही. जन्मभर कळपाच्या गलक्यात वावरलेली ती बाई, कळप गेल्यावरही सवयीने मेंढरांच्या वाड्याचं झापं बाजूला करायची आणि आत कुणीच नाही हे बघत तशीच उभी राहायची. मग तिने कोंबड्या पाळल्या. बारा कोंबड्या होत्या आणि प्रत्येकीशी ती वेगळं बोलायची. माझ्याशी बोलायची त्यापेक्षा जास्त गोडीने, हे मी आजही विसरलेले नाही.

ओढ्याच्या पलीकडे बौद्ध वस्ती होती. तिथल्या पहिल्याच घरातली बाई मायपेक्षा थोडी लहान. माय तिला बाई म्हणायची, ती मायला अक्का म्हणायची, आणि मी तिला मावशी. तिचे मालक आणि आबा एकाच कंपनीत. दोघं एकाच वेळी सायकली काढायचे. कंपनीत परदेशी यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची, त्यांच्या फळ्या मावशीच्या मालकांनी जमवून जमवून घरी आणल्या आणि त्यांचं चार पायांचं, उतरत्या छपराचं खुराडं बांधलं. फळ्यांवर काळ्या शाईत कुठल्या तरी भाषेतली अक्षरं होती आणि एका फळीवर पेल्याचं चित्र, उलटं बसलेलं. अख्ख्या गावात असं खुराडं नव्हतं. आमच्या कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवायच्या, आणि माय ते खुराडं बघून आली की दोन दिवस डालग्यावर राग काढायची.

मग तो श्रावण आला. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि गावोगावच्या जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या. आमच्या गावात घर जळलं नाही. ओढ्यापलीकडची एक कडब्याची गंजी जळली आणि विहिरीवर चार माणसं बसू लागली. कुणी कुणाला पाणी भरू नको म्हणालं नाही, ते नुसते बसायचे. आबांनी सायकलीची वाट बदलली. मावशीच्या मालकांनी कामाची पाळी बदलून घेतली. आमच्या घरात या सगळ्यावर एक अक्षर बोललं गेलं नाही. आम्ही काही केलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं अभिमानाने सांगत असे.

एका सकाळी ओढ्यापलीकडे टेम्पोचा आवाज आला. मायने आमचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाहेरून कुणीतरी कडी वाजवली. दाराच्या खाली चार बोटं फट होती. तिच्यातून उजेडाची पट्टी आत यायची. त्या पट्टीत दोन पावलांची सावली येऊन थांबली. माय दाराच्या आत उभी होती, मी तिला चिकटून. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. कडी पुन्हा वाजली. मायचा तळहात ओला झालेला मला ओठांना कळत होता. तिसऱ्यांदा कडी वाजली, हळू, आणि पावलं निघून गेली. टेम्पो गेल्यावरच मायने हात काढला.

मावशीचं घर कुलूपबंद राहिलं. अंगणात खुराडं तसंच उभं होतं. शाळेतून येताना मी ओढा ओलांडून तिथे जायची, का ते सांगता येणार नाही. कडक दुपार असायची, वस्तीत चिटपाखरू नसायचं, उरलेली घरंही दारं लावून आत असायची. मी खुराड्याभोवती फिरायची. आत कोंबड्यांचा वास अजून होता. एकदा मी दोन फळ्यांच्या मधल्या फटीला तोंड लावलं आणि विचारलं, "कोण हाय?"

आधी काहीच नाही. मी पुन्हा विचारलं. मग फटीतल्या मसुराच्या साली हलू लागल्या. मला त्या सालीच वाटल्या होत्या, भुऱ्या, सुरकुतलेल्या, आत काही नसलेल्या. त्या माझ्या श्वासाच्या दिशेने येऊ लागल्या. घाई नव्हती, एकेक पाय उचलून, कुणी खूप दिवसांनी अंथरुणातून उठतं तसं. मी ओरडलेही नाही. मागे मागे सरकत ओढ्यात पडले आणि ओल्या दप्तरासकट घरी आले. मायने विचारलं तर म्हणाले, पाय घसरला. तेव्हा खरं सांगितलं असतं तर, असं म्हणून मी स्वतःला नंतर अनेकदा छळलं आहे.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर मुंगसाने डालग्याखालची एक कोंबडी ओढून नेली. मायने दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते खुराडं आणा."

"दुसऱ्याचं हाय ते," आबा म्हणाले.

"रिकामं हाय. वरीस उलटलं. लागत असतं तर नेलं नसतं का त्यांनी?"

"इचारावं तरी."

"मंग इचारा की. कंपनीच्या एकाच फाटकातून जाता ना आत?"

आबांनी विचारलं नाही. आठ दिवसांनी बैलगाडी ओढ्यापलीकडे गेली आणि खुराडं घेऊन आली.

मायने ते आतून झाडलं, बाहेरून चुना दिला. गोचिडीचा विचार तिच्या मनात आला नसेल असं नाही. मेंढरं राखणाऱ्या घरात गोचिडीचा विचार कायमच असतो. पण त्यावरचा आमचा उपाय ठरलेला होता, वाडा मोकळा ठेवायचा. मेंढरं दुसरीकडे बसवायची, एक हंगाम जागा उघडी टाकायची, गोचीड उपाशी मरते. तिची आई हेच करायची, आजी हेच करायची. मायच्या हिशेबाने वर्षाहून जास्त रिकामं राहिलेलं खुराडं धुतलेल्या भांड्याइतकं स्वच्छ होतं. "उपाशी काय जगतंय एवढं," असं ती फळीवर हात फिरवत म्हणाली होती.

पहिले चार दिवस ती घरभर मिरवत होती. पाचव्या दिवशी तांबडी कोंबडी खुराड्यातून बाहेर आलीच नाही. आत एका कोपऱ्यात फुगून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. माय म्हणाली, "खुडूक बसली." दुपारपर्यंत आणखी तीन तशाच बसल्या. मायला नवल वाटलं, एकदम चौघी कशा? मी लांबून बघत होते. खुडूक कोंबडी हात लावल्यावर फुगते, खरखरते. माय हात लावत होती आणि या काहीच करत नव्हत्या. पाणी ठेवलं की माना टाकून पीत राहायच्या, मग पीठ कालवावं तशी हिरवट विष्ठा. दुसऱ्या दिवशी तांबडीचे पाय गेले. ती पंखांवर स्वतःला ओढत अंगणातून फिरत होती आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. हे भर उन्हात, तुळशीजवळ. आठवडाभरात अकराच्या अकरा गेल्या. अंगण इतकं शांत झालं की मला माझ्याच चालण्याचा आवाज नकोसा वाटायला लागला.

गावातल्या बाया म्हणाल्या मर आली, कोंबड्यांची साथ. पण शेजारच्या एकाही घरी कोंबडी मेली नव्हती. मायने ते बघितलं आणि तिचं तिने ठरवून टाकलं. ज्या बाईला दार उघडलं नाही, तिने दारात उभं राहून तळतळाट दिला, आणि तो खुराड्यात बसून राहिला. मायने खुराडं ओढ्याच्या काठाला नेऊन जाळलं. त्यानंतर आमच्या घरात कोंबडी आली नाही, अंडं शिजलं नाही. मला ताप आला, आबांचं बोट यंत्रात चिरडलं, मामाकडचं बाळ दगावलं, प्रत्येक वेळी माय दाराच्या त्या फटीकडे बघायची. आम्ही गाव सोडून शहरात, पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधल्या, तेव्हा गवंड्याला तिने एकच गोष्ट बजावली, दाराखाली फट नको. उंबरा इतका उंच झाला की येणारा प्रत्येक पाहुणा त्याला ठेचकाळायचा. मला त्या उंबऱ्याचा संताप यायचा. कारण माझी हुशार, तिखट माय त्याच्या आत रोज थोडी थोडी लहान होत चालली होती.

मी पुढे शिकले आणि शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत लागले. एके दिवशी फुलंब्रीकडचा एक शेतकरी पोत्यात दोन कोंबड्या घेऊन आला. एक मेलेली, एक बसलेली. डॉक्टरांनी तिच्या पंखाखालचं रक्त काचेवर घेतलं आणि थेंब ओला असतानाच मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावलं. रक्ताच्या अंडाकृती पेशी होत्या आणि त्यांच्यामधून बारीक पिळाचे धागे जात होते, स्वतःभोवती फिरत, पेशींना ढकलत. डोळा काढला की काचेवर साधा लाल ठिपका. डोळा लावला की ती घाई.

"खुराडं नवं का जुनं?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"जुनंच साहेब. भावाचं. वरीसभर मोकळंच व्हतं."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याला एक फळी घेऊन यायला सांगितलं. फळी आली. मी टेबलाजवळ उभी राहिले, तिच्या चिरेवर वाकले आणि हळूच श्वास सोडला. मसुराच्या साली हलल्या. डॉक्टर काहीतरी सांगत होते. मी खुर्चीत बसून घेतलं.

ही मेंढराची गोचीड नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. मेंढराची गोचीड अंगाला चिकटून राहते, ही मात्र लाकडाच्या फटीत राहते. कोंबड्या झोपल्या की बाहेर येते, पोटभर रक्त पिते, त्या पिळाच्या धाग्यांचा जंतू कोंबडीत सोडते आणि परत फटीत जाते. पिण्यासाठी कुणी आलंच नाही तर ती वाट बघते. महिने, कधी वर्षं. वाडा मोकळा टाकून मेंढराची गोचीड मरत असेल, हिच्यासमोर आमच्या सात पिढ्यांचं शहाणपण कुचकामी होतं.

मी आनंदाने घरी पळत आले. मायचा तळतळाट मी एका काचेवर पकडून आणला होता. तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "गोचीड ऱ्हाती उपाशी, समजलं. आन् तिच्या पोटातला जंतू? तो काय खातो?"

अंगठा उठवणाऱ्या बाईने मला असं पकडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नक्की माहीत नाही, बहुतेक सगळं बंद करून नुसता बसून राहत असेल. तसं मी मायला येऊन सांगितलं.

"म्हंजी खुडूक बसतो," ती म्हणाली.

या गोष्टीला बरीच वर्षं लोटल्यावर, निवृत्तीच्या आसपास, मी याबद्दल वाचलं. आमच्या कोंबड्यांच्या जंतूवर कुणी इतकं बारीक काम केलंय का मला ठाऊक नाही. पण त्याच्याच कुळातल्या, परदेशात गोचिडीतून माणसाला होणाऱ्या जंतूवर झालं आहे. गोचिडीच्या पोटातलं रक्त संपतं तेव्हा तो जंतू आपल्या आत एक छोटा रेणू बनवतो. ती उपासमारीची हाक असते. ती हाक उठली की त्याची जनुकं आपापली कामं बदलतात. वाढायची, दोनाचे चार व्हायची यंत्रणा मंदावते. तगून राहायला लागणारी जनुकं जागी होतात, गोचिडीच्या शरीरातलं जे चिमूटभर मिळेल त्यावर भागवायची. काही तर पीळ सोडून गोळा होऊन बसतात. ही हाक ज्याला देता येत नाही, तो उपाशी गोचिडीत फारसा टिकत नाही. आणि एक दिवस ऊबदार रक्त आत येतं. बंद पडलेलं एकेक चालू होतं. मी ते वाचत होते आणि मला कपाटातल्या पुस्तकांच्या मागे, दाराच्या चौकटीत, भिंतीच्या चिरेत काहीतरी शांतपणे बसलंय असं वाटत होतं. कुणाच्याही वाईटावर नसलेलं, पण तयार. तळतळाट निदान माणसाचा असतो. याला आपण कोण हेही माहीत नसतं. मायने एका शब्दात जे सांगितलं होतं ते शोधायला लोकांना प्रयोगशाळा लागल्या, याचा मला अभिमान वाटला आणि ते सांगायला ती नव्हती म्हणून रडूही आलं.

पण त्या वेळी, खुडूक हा शब्द देऊनही, ती सुटली नव्हती. "जंतू खरा असंल," ती म्हणाली. "पर मपल्याच कोंबड्यांसाठी कामून बसला व्हता तो? तिनं बसवला म्हणून." आणि थोड्या वेळाने, "मला तिच्याकडं घेऊन चल. पाया पडती तिच्या. तिनं उठ म्हणलं तर सुटंल समदं."

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटला, त्याच वर्षातली ही गोष्ट. शहरात मिरवणुका निघून गेल्या होत्या, पोलिसांच्या गाड्या अजून चौकात होत्या. आबांनी कंपनीतल्या जुन्या माणसांकडून पत्ता काढला. इतकी वर्षं जे विचारायला त्यांना वाचा फुटली नव्हती ते एका दुपारीत झालं. स्वतः मात्र आले नाहीत. "तुम्ही जाऊन या," म्हणाले आणि बोटाच्या थोटकाकडे बघत बसले.

मावशी चिकलठाण्याच्या अलीकडच्या एका वस्तीत राहत होती. स्लॅबचं छोटं, नीटनेटकं घर, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला ताजा हार. केस पांढरे झाले होते, पण मी तिला लगेच ओळखलं. तिनेही मायला ओळखलं. "या अक्का," म्हणाली, जणू काल भेटलो होतो. चहा ठेवला. माय खुर्चीवर बसलीच नाही, खाली फरशीवर बसली, आणि कप हातात घ्यायच्या आधीच बोलून मोकळी झाली.

"बाई, म्या तुमचं खुराडं आणलं. न इचारता. मपल्या अकरा कोंबड्या मेल्या त्यात. तवापासून मला घास गोड नाय. तुमचा तळतळाट उचला आता."

मावशी मायकडे बघत राहिली. मला वाटलं ती चिडेल. तिला तो हक्क होता.

"कसला तळतळाट?" ती म्हणाली. "खुराडं तुमच्यासाठीच ठिवलं व्हतं की. टेम्पोत मावंना. मेंढरं गेल्यापासून तुमी त्या वाड्यात एकट्याच उभ्या ऱ्हायच्या, मला इकडून दिसायचं. म्हणलं, जाता जाता अक्काला खुराडं द्यावं. तेच सांगाया आले व्हते त्या सकाळी."

मायने कप खाली ठेवला.

"आन् हे बी सांगायचं व्हतं," मावशी म्हणाली, "की कोंबड्या घालायच्या आधी फळीफळीला उकळतं पाणी द्या, फटीत घासलेट सोडा. त्या लाकडात गोचीड हाय. उपाशी मरत नाय ती. मपल्याबी अशाच मेल्या व्हत्या आधी. मंग म्या दर आइतवारी पाणी द्यायला लागले."

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मी सूक्ष्मदर्शक, डॉक्टर, पिळाचे धागे, सगळं विसरले. जे शोधायला मला इतकी वर्षं लागली होती ते एक बाई आमच्या दारापर्यंत घेऊन आली होती, कडी वाजवून. मला इतकी लाज वाटली की मी मायकडे बघू शकले नाही.

माय फरशीकडे बघत बोलली.

"बाई, कडी वाजली तवा म्या आतच व्हते."

"म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "दाराखालून पाय दिसत व्हते. दोन तुमचे, दोन हिचे. म्हणलं, उघडतील आता. म्हणून तर तीनदा वाजवली."